ओझरचा कारखाना पाहायला जाण्यापूर्वी

सांगली

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुमच्या वर्गाला नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना पाहण्याची परवानगी मिळाल्याचे कळले. फार आनंद झाला. मिग-२१ च्या निर्मितीसाठी १९६४ मध्ये उभारलेल्या या कारखान्यात पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला काढलेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही या कंपनीची पूर्वज, आणि विश्रामबागेतील तुमच्या महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे. ही गोष्ट तुमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे, असे मला वाटते.

आत गेल्यावर तयार विमानाभोवती गर्दी होईल. तू मात्र जिगमध्ये, म्हणजे भाग जागेवर पक्के धरून ठेवणाऱ्या चौकटीत, अर्धवट जुळणी झालेल्या भागापाशी जास्तीत जास्त वेळ थांब आणि छिद्रे पाहा. विमानाच्या सांगाड्यातील उच्च शक्तीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंना त्यांचे बळ उष्णता प्रक्रियेतून मिळालेले असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ते सांध्याजवळ कमी होते, म्हणून तेथे प्रामुख्याने रिवेट, म्हणजे छिद्रात घालून ठोकून बसवायच्या खिळी, वापरतात. परंतु रिवेटसाठी छिद्र पाडले की त्याच्या कडेला ताण एकवटतो, आणि ड्रिलने मागे सोडलेली बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, किंवा बारीक ओरखडा तसाच राहिला, तर उड्डाणागणिक चढणाऱ्या-उतरणाऱ्या भाराखाली तेथूनच तडा सुरू होऊ शकतो. १९५४ मध्ये कॉमेट या जेट प्रवासी विमानाचे दोन अपघात झाले. तपासासाठी त्याच जातीचे एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुनःपुन्हा दाब दिला, तेव्हा कवचात खिडक्यांसारख्या कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांजवळ धातूचा थकवा, म्हणजे पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने धातूला तडा जाणे, उघड झाला. वर्गात आपण ताण-एकवटीचा, म्हणजे छिद्राच्या कडेला ताण किती पट होतो याचा, जो गुणांक काढतो, तो कामगाराच्या हातात कसा उतरतो, हे तुला तेथे दिसेल. तो ड्रिल किती सरळ धरतो, छिद्र नेमक्या मापाचे व गुळगुळीत करणारा रीमर केव्हा फिरवतो, बर कशाने काढतो, हे बारकाईने पाहा.

काही मिश्रधातूंचे रिवेट उष्णता प्रक्रियेनंतर शीतपेटीत ठेवतात, कारण सामान्य तापमानाला ते आपोआप कठीण होत जातात आणि मग ठोकताना फुटू शकतात. तशी पेटी दिसली, तर बाहेर काढलेला रिवेट किती वेळात वापरावा लागतो, हे अवश्य विचार.

तपासनिसाशी बोलायला मिळाले, तर भाग नापास कशामुळे होतो आणि नापास भागाचे पुढे काय करतात, हे विचार. एखाद्या भागाचा धातू भट्टीतल्या कोणत्या खेपेतून आला, काम कोणी केले, तपासले कोणी, याची नोंद त्या भागाबरोबर चालते. कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये तू उत्तम यंत्रकाम पाहिले आहेस. नोंदींची ही शिस्त मात्र तुला नव्याने समजून घ्यावी लागेल. अवजारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची जागा आखलेली असते, ती एवढ्यासाठी की पाळी संपताना एखादा पाना विमानातच राहिला असेल तर रिकामी जागा लगेच दिसावी.

संरक्षण उत्पादनाचा कारखाना असल्याने मोबाइल आत नेता येणार नाही, हे गृहीत धर. ओळखपत्र बरोबर ठेव, बंद बूट घाल. वही आत नेऊ दिली नाही, तर बाहेर पडताच, गप्पांना बसण्याआधी, आठवते ते सारे कागदावर उतरव, आणि सांगलीला परतलीस की ते टिपण घेऊन माझ्याकडे ये. जिगची रचना आपण दोघे मिळून कागदावर काढून पाहू.

तुझा शुभचिंतक