आधी नंबर शोधा, तेल नंतर

पुण्याच्या जुन्या बाजारातून ऑलिव्हेट्टी या इटालियन कंपनीचा पोर्टेबल टाइपरायटर आणलात, छान केलंत! फक्त लगेच त्यात तेल सोडू नका. ते धुळीत मिसळून चिकट होतं आणि अक्षरांच्या दांड्या अडकतात. आधी कोरड्या ब्रशनं हलकेच झटका.

मग रिबनवरचं झाकण काढा, कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, एका टोकाला सरकवा आणि टॉर्च मारा. सांगाड्यावर ठोकलेला आकडा, म्हणजे यंत्राचा अनुक्रमांक, दिसेल. नाही दिसला तर यंत्र उलटं करून बघा. माझ्याकडच्या यंत्रावर तो काळ्या, मेणचट थराखाली बुजला होता. कापूस फिरवत गेलो तसा एकेक अंक वर आला. हा आकडा सालवार याद्यांशी ताडला की बनावटीचं वर्ष कळतं.

मॉडेल बटणांवरून ओळखा. गोल असतील तर लेटेरा २२, डिझायनर मार्चेल्लो निझ्झोली यांनी घडवलेलं, १९५० मध्ये आलेलं. चौकोनी आणि मधे खोलगट असतील तर १९६३ चं लेटेरा ३२. मागचा देशाच्या नावाचा शिक्का खरवडू नका. यंत्र कुठे बनलं ते त्यावरून कळतं; इटलीबाहेर ग्लासगो, बार्सिलोनातही ऑलिव्हेट्टीचे कारखाने होते.

आणि येत्या बुधवारी किंवा रविवारी, बाजार भरेल तेव्हा, त्या विक्रेत्याकडे पुन्हा जा. टाइपरायटर कुठल्या घरातून आला, पेठेतल्या वकिलाचा की टायपिंग क्लासचा, हे त्यालाच माहीत असेल.