आईची गर्भपिशवी काढायची आहे, सोनोग्राफीत माप 11.8 × 7.6 × 6.9 सेमी आलंय. एक डॉक्टर ती 12 आठवड्यांची म्हणतात, दुसरे 14. आई गरोदर नाही, मग आठवडे कसले? आणि खरं कोणाचं धरायचं?

दोघांचंही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न मला ओपीडीत सारखा विचारला जातो, बहुतेक वेळा पेशंटच्या मुलाकडून, तोही जरा अवघडतच.

आठवडे ही नुसती मोजायची पट्टी आहे. गरोदरपणात 12 आठवड्यांना पिशवी ओटीपोटाच्या पुढच्या हाडावर जेमतेम हाताला लागते, 16 ला हाड आणि बेंबीच्या मधोमध येते आणि 20 ला बेंबीला टेकते. फायब्रॉइडमुळे, म्हणजे पिशवीतल्या साध्या गाठींमुळे, पिशवी वाढली तरी आम्ही तीच पट्टी लावतो. दोन बोटं आत, दुसरा हात पोटावर, आणि मधे सापडलेल्या गोळ्याचा अदमास घ्यायचा. आकडा कुठे लिहिलेला नसतो, हाताला सवय असते एवढंच. त्यामुळे दोन आठवड्यांच्या फरकावरून डॉक्टर बदलू नका.

आता तुम्ही दिलेले सोनोग्राफीचे आकडे घेऊ: 11.8 × 7.6 × 6.9 सेमी. तिन्हींचा गुणाकार करून 0.52 ने गुणा, म्हणजे अंड्याच्या आकाराचं घनफळ मिळतं. इथे ते येतं सुमारे 320 मिली. पिशवीच्या एका मिलीचं वजन साधारण एक ग्रॅम, म्हणून 320 ग्रॅम धरा. एरवीची पिशवी साडेसात सेमी लांब, 5 रुंद आणि 4 जाड असली तर याच हिशेबाने ऐंशीच्या आत राहते. 12 आठवड्यांची पिशवी 280 ग्रॅमच्या आसपास धरतात. म्हणजे तुमच्या आईची त्याहून थोडी मोठी. 12 म्हणा नाहीतर 14.

पण पिशवी अंड्यासारखी असेल तरच हे सूत्र नीट चालतं. देठावर लोंबणारी गाठ असेल तर सोनोग्राफी करणारा ती पिशवीच्या मापात धरतो किंवा वेगळी लिहितो, आणि तिथेच हिशेब फिरतो. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत मोठ्या पिशवीचा वरचा भाग चौकटीबाहेरच राहतो, म्हणून पोटावरूनही करून घ्यावी लागते.

हातही फसतो. उमेदवारीच्या काळात एकदा मी ऐटीत '16 आठवडे' लिहून मोकळा झालो. मॅडमनी पेशंटला आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं आणि पुन्हा तपासलं, तर 12 सुद्धा धड भरेना. भरलेलं मूत्राशय पिशवीला वर ढकलतं, हे पुस्तकात वाचलेलं होतंच. तेव्हापासून पेशंट टेबलावर यायच्या आत 'लघवी करून आलात ना?' हा माझा पहिला प्रश्न.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मात्र जास्त महत्त्वाची आहे. ऑपरेशन खालून करायचं, दुर्बिणीतून की पोट उघडून, हे एकट्या आठवड्यांवर ठरत नाही. वरच्या टोकाला गाठ असलेली 14 आठवड्यांची पिशवी हलवली की डोलत असेल, तर बऱ्यापैकी सोपी. उलट 10 आठवड्यांचीच, पण गाठ खाली गर्भाशयमुखाजवळ किंवा बाजूला रुतलेली, तर घाम फुटतो. रक्तवाहिन्या आणि मूत्रनलिका तिथूनच जातात, आणि हात घालायला जागाच नसते. आधी सिझेरियन झालं असेल तर मूत्राशय चिकटलेलं असण्याची शक्यता असते, ते आवर्जून सांगा. म्हणून डॉक्टरांना 'किती आठवडे' विचारण्यापेक्षा 'पिशवी हलते का, गाठ नेमकी कुठे आहे, आणि बाहेर कशी काढणार' असं विचारा. दुर्बिणीने करणार असतील तर एवढी पिशवी बाहेर काढायला बहुधा तुकडे करावे लागतील. ते तुकडे पोटात सांडू नयेत म्हणून बंद प्लास्टिकच्या थैलीत करणार का, आणि कॅन्सरची शंका आधी तपासली आहे का, हेही विचारा.

भूल दिल्यावर आम्ही पुन्हा एकदा तपासतो. पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे ओपीडीत न लागलेली कड तेव्हा हाताला लागते. त्या क्षणी बेत बदलू शकतो, तेव्हा संमतीपत्रावर पोट उघडण्याचा पर्यायही लिहिलेला दिसला तर दचकू नका.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये पिशवीचं खरं वजन येईल. ते 320 हून थोडं कमी भरलं तर तक्रार करू नका, काढल्यावर आतलं बरंच रक्त निथळून गेलेलं असतं.