मोबाईल गेम एकट्याने बनवणाऱ्यांचा काळ खरोखर संपला का?

तुम्ही विचारले आहे की, वर्षभर नोकरी सांभाळून एक कोड्यांचा मोबाईल गेम जवळपास पूर्ण केला आहे, पण स्वतंत्र डेव्हलपरचे दिवस केव्हाच सरले असे सगळे सांगतात, तर तो आता प्रसिद्ध करावा की नाही. माझे उत्तर ‘करावा’ असे आहे. मी एक तपाहून अधिक काळ हेच काम करत आहे. तीन गेम पूर्ण केले, त्यांपैकी एकाच गेमने घरखर्च चालेल इतके उत्पन्न दिले. त्या अनुभवावरून सांगतो, सरलेले दिवस नेमके कोणते होते हे आधी नीट पाहावे लागते.

जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप्स होती. त्याआधी फोनवर कोणता गेम दिसणार हे बहुतांशी मोबाईल सेवा देणाऱ्या कंपन्या ठरवत, आणि एकट्या माणसाला त्यांच्या दारात उभे राहणेही कठीण होते. नव्या व्यवस्थेत वर्षाला ९९ डॉलर भरले की कोणालाही आपला गेम विकायला ठेवता येऊ लागला आणि विक्रीतले ७० टक्के त्याच्या हाती पडू लागले. स्टीव्ह डेमेटर याने नोकरी सांभाळून केलेल्या ‘ट्रिझम’ या पाच डॉलरच्या कोडेगेमने पहिल्या दोन महिन्यांत अडीच लाख डॉलर मिळवले. दुकानात मालच थोडा असल्यामुळे ठेवलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या नजरेस पडायची. संपली आहे ती ही सोय. मात्र तेव्हाही सगळ्यांना सहज यश मिळत होते असे मानू नका. डिसेंबर २००९ मध्ये ‘अँग्री बर्ड्स’ आला, तो रोव्हिओ कंपनीचा बावन्नावा गेम होता आणि तोवर कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली होती.

त्या काळातले जे गेम लोकांच्या स्मरणात राहिले, त्यांच्याकडे पाहताना मला एक गोष्ट नेहमी महत्त्वाची वाटते. त्यांच्या कर्त्यांनी बोट आणि काच यांचा विचार सर्वांत आधी केला होता. ‘कनाबाल्ट’मध्ये संपूर्ण स्क्रीन हेच एक बटण होते, कुठेही टेकवा, माणूस उडी मारतो. ‘फ्रूट निंजा’त बोट हीच सुरी झाली. आंद्रेआस इलिगर याने एकट्याने बनवलेल्या ‘टायनी विंग्ज’मध्ये बोट दाबले की पक्षी जड होऊन उतारावरून घसरतो आणि उचलले की हवेत झेपावतो, एवढ्या एका क्रियेवर पूर्ण गेम उभा आहे. टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राची, म्हणजे कन्सोलची, बटणे काचेवर रंगवून ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हे पुष्कळ दिवस साधले नव्हते.

हे शहाणपण मला माझ्या दुसऱ्या गेमच्या वेळी आले. चेंडू स्क्रीनच्या तळाशी होता आणि तो बोटाने ओढून नेम धरायचा होता. संगणकावर माउसने तपासताना सगळे उत्तम चालत होते. एका परिचित बाईंच्या हाती फोन दिला तेव्हा त्या दर वेळी बोट टेकवत, मग मनगट वाकडे करून अंगठ्याच्या बाजूने डोकावून पाहत, आणि दोन मिनिटांत त्यांनी फोन परत केला. चेंडू त्यांच्या अंगठ्याखाली पूर्ण झाकला जात होता. मी नेम धरण्याची क्रिया स्क्रीनवर कुठूनही करता येईल अशी केली आणि चेंडू थोडा वर सरकवला. त्यानंतर तोच गेम त्यांनी अर्धा तास खेळला. एवढी साधी चूक मला आठ महिने दिसली नव्हती, कारण तोवर मी दुसऱ्याच्या हाताकडे पाहिलेच नव्हते.

तुमचा गेम कोड्यांचा असल्यामुळे नकलेबद्दल स्पष्ट लिहितो. ‘थ्रीज’ हा आकड्यांच्या कोड्यांचा गेम त्याच्या कर्त्यांनी चौदा महिने घासूनपुसून फेब्रुवारी २०१४ मध्ये विक्रीला आणला. काही आठवड्यांतच त्याच्यासारखे फुकट गेम आले आणि मार्चमध्ये गाब्रिएले चिरुली याने एका शनिवार-रविवारात लिहिलेला ‘२०४८’ जगभर पसरला. अनेकांना मूळ गेमचे नावही ठाऊक झाले नाही. खेळाच्या नियमांना कॉपीराइटचे संरक्षण मिळत नाही, ते चित्रे, संगीत आणि कोड यांना मिळते. तुमच्या गेमचे सगळे बळ एका नियमात असेल तर तो नियम दोन दिवसांत उचलला जाईल असे गृहीत धरा. हाताने रचलेल्या पातळ्या, त्यांचा चढता क्रम, एका पातळीने शिकवलेली युक्ती पुढच्या पातळीने मोडून दाखवणे, यांची नक्कल इतक्या झटपट होत नाही. उरलेला वेळ तिथे घाला.

पैशाचा निर्णय मात्र प्रसिद्धीनंतर घेऊ नका. ऑक्टोबर २००९ पासून फुकट ॲपच्या आतही विक्री करता येऊ लागली आणि किमतीची सगळी गणिते बदलली. ‘टेंपल रन’ २०११ मध्ये ९९ सेंटला आला होता. तो फुकट केल्यावर खरा वाढला. २०१४ च्या ‘क्रॉसी रोड’ने खेळाडूला हवी असेल तरच जाहिरात दाखवली आणि पहिल्या तीन महिन्यांत सुमारे एक कोटी डॉलर मिळवले. पण जाहिरातीचे उत्पन्न अफाट खेळाडूसंख्येवर चालते, आणि काही हजार लोक शांतपणे खेळतील अशा कोडेगेमला त्यातून फारसे काही मिळत नाही. ‘बलात्रो’ हा पत्त्यांचा गेम २०२४ मध्ये मोबाईलवर दहा डॉलरला विकला गेला हे खरे, तथापि तो संगणकावर आधीच गाजलेला होता, त्यामुळे तो दाखला तुमच्या उपयोगाचा नाही. मला विचाराल तर पहिल्या वीस-पंचवीस पातळ्या फुकट द्या आणि उरलेला गेम एकाच खरेदीत कायमचा उघडा करा. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांसाठी ॲपल आणि गूगल या दोन्ही प्रमुख स्टोअरचा वाटा २०२१ पासून १५ टक्क्यांवर आला आहे. मी सुरुवात केली तेव्हा तो दुप्पट होता.

प्रसिद्ध केला की काम संपत नाही, हेही हिशेबात धरा. २०१७ मध्ये आयओएस ११ ने, म्हणजे आयफोन चालवणाऱ्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीने, ३२-बिट ॲप्स (जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवलेली) चालवणे बंद केले आणि ज्यांनी अपडेट दिले नाही ते कितीतरी सुंदर गेम नव्या फोनवरून एका फटक्यात नाहीसे झाले. वर्षातले दोन-तीन आठवडे केवळ डागडुजीसाठी राखून ठेवा आणि प्रकल्पाची, तो गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या (इंजिनच्या) ज्या आवृत्तीत बनला तिच्यासह, प्रत जपा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. गूगल प्ले या अँड्रॉइड फोनच्या स्टोअरवर नवे वैयक्तिक खाते उघडणाऱ्यांना गेम सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी निदान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. बरेच जण ही नावे कशीबशी भरून मोकळे होतात. तुम्ही त्यांपैकी तिघाचौघांना तरी समोर बसवा, फोन हातात द्या, एक शब्दही समजावून सांगू नका आणि स्क्रीनऐवजी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत राहा. पहिल्या दोन मिनिटांत अंगठा कुठे थबकला ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा, आणि ती जागा दुरुस्त होईपर्यंत प्रसिद्धीची तारीख ठरवू नका.