स्थानिक इतिहासाच्या अभ्यासमंडळात चर्चेचे नियम कसे असावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा: फोंडा तालुक्यातील काही शिक्षक, निवृत्त कर्मचारी आणि हौशी अभ्यासक यांनी मिळून गोव्याच्या इतिहासावर अभ्यासमंडळ सुरू केले आहे. सभासद आधी लेखी टिपण देतात आणि महिन्यातून एकदा त्यावर चर्चा होते. मात्र पोर्तुगीज राजवटीत मूर्ती दुसऱ्या गावी नेल्या गेल्या, त्या देवळांच्या स्थलांतराचा विषय निघताच बोलणे घराण्यांवर आणि जातींवर गेले, दोघेजण येईनासे झाले, आणि आता नियम करायचे तर संचालकाने कितपत अडवावे आणि कितपत मोकळे सोडावे, हे ठरत नाही. बार्देश तालुक्यात अशाच एका मंडळाचे काम मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संचालकाने निष्कर्षाची राखण करू नये, ही पहिली गोष्ट. कोणते मत बरोबर हे ठरवण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतला की मंडळ त्याच्या मताचे होते आणि वेगळ्या मताची माणसे हळूहळू उठून जातात. त्याचे काम एवढेच की मांडलेल्या प्रत्येक विधानाचा आधार दुसऱ्याला तपासता आला पाहिजे, आणि तो तपासताना मांडणाऱ्याचा अपमान होता कामा नये. बाकीचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

देवळांचाच विषय घेऊ. मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, येथपर्यंत कोणाचेच दुमत नसते. भांडण सुरू होते ते पुढच्या वाक्यापासून. मूर्ती कोणी उचलली, नदी कोणी पार करून दिली, त्याबद्दल कोणत्या घराण्याला कोणता मान मिळाला, या गोष्टी प्रत्येक घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. अशा वेळी आम्ही सभासदांना प्रत्येक विधानापाशी त्याचा प्रकार लिहायला लावतो: ‘कागद असे सांगतो’, ‘आमच्या घरची परंपरा असे सांगते’ किंवा ‘माझा तर्क असा आहे’. तिन्हींना मंडळात जागा आहे. परंपरेला कोणी खोटी म्हणू नये, आणि परंपरा सांगणाऱ्याने ती कागदाच्या जागी ठेवू नये. हा एक नियम पाळला तरी निम्मी कटुता कमी होते, कारण ज्याला आपल्या आजीची हकीकत सांगायची असते त्याला ती पुराव्याचे सोंग न देता सांगता येते.

आधार कसा द्यावा, याबाबत मात्र कसूर खपवून घेऊ नका. ‘पोर्तुगीज दफ्तरात नोंद आहे’ एवढे म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे होय. पणजीच्या पुराभिलेखागारातील कागद असेल तर कोणत्या मालिकेतले कितवे पुस्तक, कोणते पान आणि पानाची पुढची बाजू की मागची, हे लिहिले पाहिजे. मोडी कागद असेल तर वाचलेल्या ओळींचे देवनागरी लिप्यंतर जसेच्या तसे द्यावे आणि जे अक्षर लागले नाही तेथे जागा सोडावी. अंदाजाने भरू नये. छापील ग्रंथ असेल तर मूळ पाहिला की भाषांतर, आणि कोणती आवृत्ती, हे सांगावे. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज राज्यमंडळाच्या बैठकींची इतिवृत्ते मूळ रूपात छापून ठेवली, म्हणूनच त्यांची मते न पटणाऱ्या अभ्यासकालाही त्यांच्याच ग्रंथांतून आपल्या बाजूचे साहित्य काढता येते. विरोधकाच्याही हाती आपला पुरावा देणे हे विद्वत्तेतले औदार्य आहे, आणि आपल्या मंडळात ते सक्तीचे असावे असे मला मनापासून वाटते.

आधार नीट लिहिला की काही भांडणे आपोआप मिटतात. आमच्याकडे एकदा संभाजी महाराजांच्या १६८३ सालच्या गोव्यावरील स्वारीवर टिपण आले आणि एकाच घटनेची तारीख दोन सभासदांनी दहा दिवसांच्या फरकाने दिली. एकाने दुसऱ्याला पोर्तुगीजधार्जिणा म्हटले, दुसऱ्याने पहिल्याच्या वाचनावर शंका घेतली. दोघांना फक्त उगमस्थान लिहायला सांगितले, तेव्हा दिसले की एकाची तारीख पोर्तुगीज कागदांतली होती आणि दुसऱ्याची इंग्रज वखारीच्या पत्रातली. पोर्तुगालने सुधारलेली ग्रेगरियन कालगणना १५८२ मध्येच स्वीकारली, इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत घेतली नाही. सतराव्या शतकात या दोन गणनांमध्ये दहा दिवसांचे अंतर आहे, आणि १७०० नंतर ते अकरा दिवसांचे होते. शिवाय त्या काळी इंग्रजांचे अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रांवर सालसुद्धा एकाने मागे दिसते. मराठी कागदांत शक असतो. त्यात ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात, हे अनेकजण विसरतात. तेव्हापासून आमच्याकडे तारीख कोणत्या कालगणनेतली आहे हे लिहिल्याशिवाय टिपण स्वीकारले जात नाही.

दुसऱ्याचे मत खोडण्यापूर्वी ते आपल्या शब्दांत मांडावे, आणि ज्याचे मत आहे त्याने ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हटल्यावरच पुढे बोलावे. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला सुरुवात होत नाही, तीच ही रीत. यात वेळ जातो आणि सभासद सुरुवातीला कंटाळतात, पण तो वेळ जाऊ द्यावा.

लेखी टिपणातली भाषा बोचरी असेल तर ती सर्वांना वाटण्यापूर्वी संचालकाने लेखकाकडे परत करावी, एकांतात, नेमक्या ओळीवर खूण करून. स्वतः परस्पर बदल करू नये. ‘हे लिहिणाऱ्याने दफ्तर डोळ्यांनी पाहिलेलेही नाही’ हे वाक्य परत गेले पाहिजे. त्याच्या जागी ‘या विधानाला दफ्तरातील आधार दिलेला नाही, तो असल्यास कळवावा’ असे आले तर टीकेची धार तशीच राहते आणि उत्तर देणे भाग पडते. टिपण का अडवले याचे कारण लेखकाला लेखी मिळावे. संचालकाचे स्वतःचे टिपण दुसऱ्याच सभासदाने तपासावे, कारण स्वतःच्या वाक्यातला काटा स्वतःला टोचत नाही.

हितसंबंध उघड करण्याचा नियम गोव्यात विशेष गरजेचा आहे. येथे इतिहास हा पुष्कळदा चालू हक्कांचा विषय असतो. महाजनकीचे, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत हक्कदारीचे, वाद १९३३ च्या देवस्थान नियमावलीच्या आधारे आजही न्यायालयात जातात. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीच्या संस्थेच्या, जमिनी आणि गांवकारांचे, म्हणजे तिच्या वंशपरंपरागत सभासदांचे, हक्क यांचेही तसेच. ज्या देवस्थानाबद्दल आपण बोलतो त्याचे आपण महाजन असू, किंवा ज्या दाव्याशी विषयाचा संबंध आहे त्यात आपण पक्षकार असू, तर बोलण्यापूर्वी तसे सांगावे. सांगितल्यावर बोलण्याचा हक्क कमी होत नाही. मात्र मंडळाचे इतिवृत्त कोणत्याही दाव्यात ‘मंडळाचे मत’ म्हणून वापरले जाणार नाही, हे नियमांतच लिहून ठेवा. मंडळाला मत नसते, सभासदांना असते.

भाषेबद्दल फार ताणू नये. मराठी आणि कोंकणी दोन्ही चालाव्यात, रोमी लिपीत लिहिणाऱ्यालाही आपले टिपण तसेच देता यावे, आणि पोर्तुगीज उतारा असेल तर मूळ ओळींखाली अर्थ असावा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलावर किंवा कोंकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या राजभाषा कायद्यावर अभ्यास म्हणून जरूर टिपण घ्या, पण दुसऱ्या विषयाच्या चर्चेत भाषावाद डोकावला की संचालकाने तिथल्या तिथे थांबवावे आणि त्यावर स्वतंत्र टिपण मागावे. असे टिपण बहुधा येत नाही.

एखाद्या सभासदाने मंडळात दाखवलेला अप्रकाशित कागद त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने लेखात वापरू नये, आणि चर्चेत सुचलेला मुद्दा वापरला तर सुचवणाऱ्याचे नाव घ्यावे. तरुण संशोधक मंडळापासून दूर राहतात ते याच भीतीने, म्हणून हा नियम पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. त्याचबरोबर नवख्याने साधा प्रश्न विचारला तर त्याला ‘आधी वाचून या’ म्हणू नये. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात कोणते पुस्तक पाहावे हे सांगणे सोपे असते आणि त्याने माणूस टिकतो.

जे दोघे येईनासे झाले आहेत त्यांना संचालकाने स्वतः जाऊन भेटावे. निरोपावर भागवू नये. त्यांचे जे विधान अर्धवट राहिले असेल ते पुढच्या बैठकीत लेखी मांडण्याची संधी त्यांना द्यावी. नियम वारंवार मोडणाऱ्याबद्दल क्रम आधीच ठरलेला असावा: पहिल्यांदा खासगीत सांगणे, नंतर लेखी सूचना, आणि तरीही फरक पडला नाही तर काही बैठकांपुरते दूर ठेवणे. हा शेवटचा निर्णय संचालकाने एकट्याने घेऊ नये, वादात नसलेल्या दोन सभासदांनी मिळून घ्यावा, आणि दूर ठेवलेल्या सभासदाची पूर्वीची टिपणे मंडळाच्या संग्रहात त्याच्याच नावाने राहू द्यावीत.