एचटीएमएल येतं, मग झॅमल वेगळं शिकू का?

प्रश्न: मी ऐरोलीत राहतो, वेबपेज बनवायचं एचटीएमएल-सीएसएस बऱ्यापैकी येतं. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत वजनकाट्याच्या विंडोज सॉफ्टवेअरचं काम मिळालंय, त्यात सगळ्या स्क्रीन झॅमलमध्ये (XAML, अ‍ॅपच्या स्क्रीन टॅगमध्ये लिहायची भाषा) आहेत. परत पहिल्यापासून शिकावं लागेल का?

उत्तर: शिकावं लागेल, पण टॅग बघून अर्धी ओळख लगेच पटेल. मायक्रोसॉफ्टने झॅमल २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ या विंडोज अ‍ॅप बनवायच्या फ्रेमवर्कसोबत आणलं, ते एक्सएमएल (टॅग लिहायची कडक नियमांची पद्धत) आहे म्हणजे एखादा टॅग बंद करायचा राहिला की बिल्डच होत नाही, ब्राउझरसारखं सांभाळून घेणं वगैरे विसरा. ग्रिड (स्क्रीन ओळी-रकान्यांत आखायची सोय) मात्र मस्त, स्टार (*) लिहून उरलेली जागा वाटायची सोय तिथे पहिल्यापासून होती, मोठ्या ब्राउझरांत सीएसएस ग्रिड यायला २०१७ उजाडलं! खरी गोची स्टाइलची, सीएसएससारखे सिलेक्टर (कुठल्या टॅगला कुठली स्टाइल ते सांगणारे) नाहीत, स्टाइलला ‘टार्गेट टाइप’ (कुठल्या प्रकारच्या घटकासाठी ते) नाहीतर ‘की’ (key, तिचं नाव) देऊन त्या रिसोर्समध्ये, म्हणजे एका सामायिक साठ्यात, ठेवायच्या. आणि बाइंडिंग सगळ्यात आधी शिका, काट्यावरचं वजन बदललं की स्क्रीनवरचा आकडा आपोआप बदलतो (प्रॉपर्टी बदलली हे कोडमधून कळवलंत तर हां), नुसत्या एचटीएमएलमध्ये हे नाही म्हणून तर वेबवाले रिअ‍ॅक्ट वगैरे लायब्ररी घेतात. इलेक्ट्रॉन हे फ्रेमवर्क घेऊन एचटीएमएलमध्येही डेस्कटॉप अ‍ॅप होतं, व्हीएस कोड हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर तसंच बनलंय, पण सोबत अख्खं क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर) येतं, काट्याशेजारच्या जुन्या पीसीवर मी तरी ते टाकणार नाही.