अलास्काची क्रूझ करून पुढे डेनाली आपलं आपण फिरता येईल का?

तुमचा प्रश्न असा: जूनमध्ये नागपूरहून आई-बाबांना घेऊन अलास्काची क्रूझ करायची आहे, पुढचं डेनाली (तिथलं शिखर आणि त्याभोवतीचं राष्ट्रीय उद्यान) क्रूझ कंपनीच्या पॅकेजमधून करावं की स्वतः? घरची वयस्कर मंडळी सोबत घेऊन आम्ही हेच केलंय, म्हणून सांगते. क्रूझ एकेरी घ्या आणि जमिनीवरचं खुशाल आपलं आपण करा.

एकेरी म्हणजे व्हँकुव्हरहून निघून अलास्कातल्या सीवर्ड किंवा व्हिटियर बंदरात उतरवणारी, साधारण सात रात्रींची. सिएटलची क्रूझ स्वस्त दिसते, पण ती फिरवून पुन्हा सिएटललाच आणून सोडते. तिथून एकेरी का नाही? मोठी जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याची (म्हणजे परदेशात नोंदलेली), आणि अशा जहाजाने एका अमेरिकन बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात कायमचे उतरवायचे नाहीत, असा १८८६ चा कायदा आहे. म्हणून सुरुवात कॅनडातून. अर्थात व्हिसे दोन लागतात, आणि घोडं अडतं ते अमेरिकेच्या मुलाखतीच्या तारखेवर. ती हाती आल्याशिवाय परत न मिळणारं काहीही बुक करू नका. नागपूर-दिल्ली-व्हँकुव्हर करताना निदान एक रात्र हातची राखा. जहाज कुणासाठी थांबत नाही.

क्रूझ निवडताना मार्गात ग्लेशियर बे (हिमनद्यांचा उपसागर, हेही राष्ट्रीय उद्यानच) आहे ना, एवढं बघाच. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझना परवानगी असते, आणि पार्कचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज हळूहळू गोल फिरतं. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. जहाज फिरत असल्याने दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, त्यामुळे बाल्कनीच्या खोलीवर पैसे घालवण्यापेक्षा तेच डेनालीच्या एका जास्तीच्या रात्रीसाठी ठेवा.

कारण खरी मेख तिथे आहे. डेनाली शिखर ६,१९० मीटरचं, पण ढगांमुळे तीनातल्या एखाद्यालाच दिसतं. पॅकेजवाले बहुतेकदा एक-दोन रात्रींत उरकतात. तुम्ही तीन ठेवा. पार्कच्या रस्त्यावर खासगी गाडी पहिले २४ किलोमीटरच जाते, पुढे पार्कची बस. आपल्या ताडोब्यासारखंच समजा: वाघाची खात्री नाही, पण फेऱ्या जास्त तर संधी जास्त. २०२१ मध्ये दरड सरकल्यापासून बस साधारण ६९ व्या किलोमीटरपर्यंतच जात आली आहे, तेव्हा जाण्याआधी पार्कच्या साइटवर ताजी स्थिती बघा.

सीवर्ड ते अँकरेज (अलास्कातलं सर्वांत मोठं शहर) आणि अँकरेज ते डेनाली, दोन्हीकडे अलास्का रेलरोडची गाडी आहे. आई-बाबांसाठी मी तीच घेईन. अँकरेजहून सकाळी निघून दुपार टळेपर्यंत पोचते, मोठ्या काचांमधून नद्या दिसत राहतात आणि कुणाला गाडी चालवावी लागत नाही. चालवायचीच असेल तर साधारण ३८० किलोमीटर, रस्ता उत्तम. नागपूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, आणि करार नीट वाचा. खडीच्या रस्त्यांवर गाडी न्यायला बऱ्याच भाड्याच्या कंपन्यांची मनाई असते. व्हिटियरला उतरलात तर चार किलोमीटरचा एकच बोगदा, त्यातूनच रेल्वे आणि त्यातूनच मोटारी, एका वेळी एकाच दिशेने. वेळा ठरलेल्या असतात, त्या चुकल्या की बसा वाट बघत.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे मुलं सोबत असतील तरी जूनचा पहिला पंधरवडा जमतो. त्यानंतर डेनालीत डास वाढतात. अंधार जवळपास होतच नाही, म्हणून बाबांना डोळ्यांवर बांधायची पट्टी द्या. नागपूरच्या उन्हातून थेट तिकडे जाताना स्वेटरपेक्षा पावसाळी जॅकेट महत्त्वाचं. क्रूझच्या वाटेवरच्या केचिकन बंदरात पाऊस कधीही गाठतो. शाकाहारी जेवणाचं जहाजाला बुकिंग करतानाच कळवा. चिवडा, ठेपले न्या आणि कस्टम्सला विचारतील तेव्हा खाण्याचं सामान आहे म्हणून सांगा. आंबे मात्र घरीच संपवून निघा.