पाडकामाची धूळ: पाणी नेमकं कधी मारायचं?

प्रश्न : आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या पाडायच्या आहेत. उरलेल्या घरात आम्ही राहणार आहोत. सासऱ्यांना दमा आहे. ठेकेदार म्हणतात, "रोज संध्याकाळी पाणी मारून देऊ." तेवढं पुरेल का?

उत्तर : नाही ताई, पुरणार नाही. संध्याकाळच्या पाण्याने खाली बसलेली धूळ भिजते. हवेत उडालेली तोवर सगळ्यांच्या छातीत गेलेली असते. पाणी हवं ते जिथे घाव पडतो तिथे, घावाच्या आधी आणि घाव पडत असताना. मी पाडकामावर देखरेख करतो. माझ्याकडे ब्रेकर (काँक्रीट फोडायचं यंत्र) चालवणाऱ्याच्या शेजारी फवारा धरणारा एक माणूस असतो आणि त्याला दुसरं काम सांगत नाही. मोठी धार नको, बारीक तुषार हवेत. मोठा थेंब सूक्ष्म धुळीला बाजूला सारतो, बारीक थेंब तिला पकडतो. ब्रेकर विजेवरचा असेल तर ईएलसीबीशिवाय, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय, तिथे पाणी मारू देऊ नका.

दिसते ती धूळ बरीचशी नाकाघशात अडते. भीती आहे न दिसणाऱ्या धुळीची. काँक्रीट, विटा, फरशी यांत सिलिका (वाळूतलं खनिज) असते. तिचे 4 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. मजूर तोंडाला रुमाल बांधतात, ते बघून मला फार वाईट वाटतं, कारण रुमाल हे कण अडवत नाही. प्रत्येकाला घट्ट बसणारा एन-95 मास्क द्यायला लावाच.

छपरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत का, हे घण उचलण्याआधी बघा. त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतूंचं खनिज, असू शकतं. ते फोडायचे नाहीत. या कामातल्या जाणकारांकडून भिजवून, नट-बोल्ट सोडवून अख्खे उतरवून घ्या.

सासऱ्यांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवता आलं तर उत्तम. नाहीच जमलं, तर मधल्या दाराला जाड प्लास्टिक लावून कडा टेपने बंद करा, आणि पाडायच्या खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. त्याचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको. घरात सुका झाडू फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

राडारोडा वरून फेकू देऊ नका. तो भिजवून उतरवायचा, गाडीवर ताडपत्री घालूनच न्यायचा. आणि फवाऱ्याच्या माणसाची मजुरी ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात आधीच वेगळी लिहून घ्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच माणूस पाट्या उचलताना दिसेल.